तांडेलाची ओ

जमिनीवरची माणसं पाण्यातलं फार बोलतात. होडीत बसवलं तर दोन्ही हातांनी काठ धरून देवाचा धावा करील असा माणूसही सभेत उभा राहिला की संस्थेचं सुकाणू हाती घेतो. मुलीचं लग्न उरकलं की बापाची नौका पार होते, निवडणूक आली की उत्साहाला उधाण येतं आणि निकाल लागला की ओहोटी. बाबा रे, हे शब्द तू आणलेस कुठून, असं कोणी कोणाला विचारत नाही. नागावच्या यशोधनला मात्र हा प्रश्न पडला. तो पडला नसता तर बरं झालं असतं, असं सुचिताला आजही वाटतं.

यशोधन पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून गावी आला होता आणि आजोबांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत त्याने पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. माणूस सोन्यासारखा, फक्त बोलायला लागला की थांबायचं कुठे ते त्याला कळत नसे. संध्याकाळी पाहुण्यांसमोर तळलेलं पापलेट आलं की याचं सुरू. सुकाणू हा शब्द म्हणे अरबांच्या गलबतांतून आला, खलाशीही तिकडचाच. आपण बोलतो ते अर्धं बंदरावर उतरलेलं आहे. पाहुणे काटे काढत माना डोलवायचे.

सुचिता त्याच्याकडे स्वयंपाक करायची. तिचा नवरा विनेश तिथेच व्यवस्था बघायचा, म्हणजे खोल्या उघडून देण्यापासून रुसलेल्या पंपाची समजूत काढण्यापर्यंत सगळं. दोघं राहायची शेजारच्या कोळीवाड्यात, सोनूबाईजवळ. सोनूबाई ही विनेशची आई. ही नोकरी सुचितानेच हट्टाने जुळवून आणली होती. विनेश तांडेलाचा पोरगा, त्याचा हात सुकाणूवर जन्मापासून बसलेला. पण सासरे गेल्यावर तिने त्याच्याकडून वचन घेतलं की पुन्हा बोटीवर पाय ठेवायचा नाही. जमिनीवर मीठ-भाकर खाऊ, पण डोळ्यांसमोर राहा.

सासरे म्हणजे चंदर. वाड्यावर त्याला चंदर कोणी म्हणत नसे. बोट चालवतो तो तांडेल, आणि चंदर इतकी वर्षं बोट चालवत होता की बायकोपासून पोरापर्यंत सगळे त्याला तांडेलच म्हणत. सोनूबाईने तर नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं, उखाण्यातसुद्धा ‘तांडेल’ घालून वेळ मारून नेली होती. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याची बोट, त्याच्या आईच्या नावाची ‘बायजा’, खांदेरी बेटाच्या बाजूने भरतीबरोबर एकटीच वाहत आली. जाळं पाण्यात, डबा उघडा, डब्यातली भाकरी अर्धी खाल्लेली. तांडेल आला नाही. त्याचं काहीच आलं नाही. सोनूबाईने ना दिवस घातले, ना पितरांत त्याचं पान ठेवू दिलं. माणूस दिसल्याशिवाय माणूस गेला कसा म्हणू, असं तिचं म्हणणं.

बोट मात्र मोडावी लागली. तांडेल गिळून आलेली बोट कोणी चालवायला घेत नाही. आणि बोट मोडायची तर तिची नावं सोडावी लागतात, ही त्या वाड्याची रीत. पहिली फळी उचकटण्याआधी घरच्या बाईने नारळ घेऊन घोटाभर पाण्यात उभं राहायचं, एकेका भागाला हात लावून त्याचं नाव घ्यायचं आणि ‘सुटलं’ म्हणायचं. नाळ सुटली, म्हणजे बोटीचं पुढचं टोक. डोलकाठी सुटली. शीड सुटलं. सुकाणू सुटलं. शेवटी म्हणायचं, तांडेल सुटला. मग तांडेल बोटीतून खाली उडी मारतो, नारळ फुटतो, आणि त्या घटकेपासून बोट म्हणजे नुसतं लाकूड. खुराडं करा, चूल पेटवा, काहीही करा, त्या लाकडाला जुन्या नावाने हाक तेवढी मारायची नाही.

सोनूबाईने नाळेपासून सुकाणूपर्यंत सगळं म्हटलं. शेवटच्याला तिचे ओठ मिटले. तिने नारळ वाळूवर ठेवला आणि ती घराकडे चालू लागली. बाईचा गळा दाटला, असं सगळ्यांनी धरलं. अशा वेळी विधवेला मागे बोलावून ‘एक राहिलं बरं का’ असं कोण म्हणणार? लोकांनी माणुसकी केली, आणि तिथेच चुकले.

ते लाकूड यशोधनने घेतलं. सागवान जुनं, खाऱ्या पाण्यात मुरलेलं. त्याने सुतार बोलावून चारी खोल्यांतल्या पलंगांना उशालगत त्या लाकडाच्या फळ्या बसवल्या आणि दारांवर पाट्या लावल्या. समुद्राकडची पहिली खोली नाळ, मग डोलकाठी, मग शीड, आणि स्वयंपाकघराला लागून सुकाणू. ज्या भागाचं लाकूड त्या खोलीत (शिडाचं म्हणजे ते जिला बांधतात ती आडवी काठी), त्याच भागाचं नाव तिच्या दारावर. हे त्याने मोठ्या हौसेने जुळवलं होतं.

सोनूबाई मासळी घेऊन आली तेव्हा विनेश ओरडत होता, सुकाणूत दोन चहा, नाळेत टॉवेल. म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिली. यशोधन कौतुकाने पुढे झाला आणि म्हणाला, मावशी, तुमचेच शब्द आहेत, बघा कसे घरात आणले.

“दर्याचा शब्द फुकट जमिनीवर येत न्हाय, भाऊ,” सोनूबाई म्हणाली. “कुणाची तरी बोट मोडते, कुणीतरी नाव सोडते, मंगच तो तुमच्या तोंडी येतो. सुटला नसंल तो घेऊ नका.”

यशोधनला हे इतकं आवडलं की त्याने ते त्याच संध्याकाळी पाहुण्यांना ऐकवलं. पाट्या राहिल्या. सोनूबाईने पुन्हा विषय काढला नाही. एरवी बोंबलाच्या वाट्यावरून अर्धा तास भांडणारी बाई इतकी मऊ कशी पडली, हे सुचिताला तेव्हा खटकायला हवं होतं.

आधी पाहुण्यांना जाणवलं. सकाळी पोहे खाताना एकाने विचारलं, इथून रात्रीचे ट्रक जातात का, पलंग हलल्यासारखा वाटला. मग दुसरा म्हणाला, झोप काय लागली, पाळण्यात असल्यासारखी. त्यांनी मोबाईलवर भरभरून स्तुती लिहिली आणि यशोधन खूश झाला. नाळेच्या खोलीत भिंतीवर ओल चढायची, भरतीला वर आणि ओहोटीला खाली, वाळली की मिठाची पांढरी रेघ उरायची. विहिरीचं पाणी मचूळ लागू लागलं. एकदा ओसरी झाडताना सुचिताच्या लक्षात आलं की आपण पाय फाकवून चालतोय, बोटीवर तोल सावरत चालतात तसं. ती केरसुणी धरून उभी राहिली. फरशी हलत नव्हती. पण पाय काही जवळ यायला तयार नव्हते.

मे महिन्यात, खोल्या भरलेल्या असताना, यशोधनने सगळ्यांना सदरे आणले. झाडलोट करणाऱ्या दोघींच्या पाठीवर ‘खलाशी’. विनेशच्या पाठीवर ‘तांडेल’. पाहुण्यांची चंगळच झाली. तांडेल, पंखा चालत नाही. तांडेल, नारळपाणी मिळेल का. विनेश हसायचा. बापाचं नाव पाठीवर आल्याने त्याला बरंच वाटत होतं, हे सुचिताला दिसत होतं, म्हणून तीही गप्प बसली.

अष्टमीला तिने पहिल्यांदा त्याची विजार घोट्यापर्यंत ओली पाहिली. तिला वाटलं, बागेला पाणी घातलं असेल. अष्टमीची भरती लहान असते. दुसऱ्या दिवशी ओल पोटरीपर्यंत आली, मग गुडघ्यापर्यंत. भरती रोज वाढत होती, आणि भरतीच्या वेळेला विनेश कुठेही असला तरी उठून सुकाणूच्या खोलीत जायचा आणि पलंगामागच्या फळीवर हात ठेवून उभा राहायचा. खोली कोरडी, चपला कोरड्या, माणूस कमरेपर्यंत भिजलेला. विचारलं तर म्हणायचा घाम आहे. तिने त्याची विजार पिळली आणि बोट जिभेला लावलं. खारट तर घामही असतो. पण घामात वाळू नसते.

मग तो नावाला ओ देईनासा झाला. सुचिता आजकालची, ती नवऱ्याला नावानेच हाक मारायची. स्वयंपाकघरातून तिने विनेश, विनेश म्हणून किती हाका मारल्या, तो पाठमोरा समुद्राकडे बघत उभा. तेवढ्यात कोणी पाहुणी ‘अहो तांडेल’ म्हणाली आणि तो लगेच वळला. त्याचे डोळे सुचितावरून गेले, भिंतीवरून जातात तसे. तिला रडू फुटलं. जो धोका टाळायला तिने याला जमिनीवर आणलं, तोच खोल्या करून त्याच्याभोवती उभा राहिला होता, आणि अमावास्येचं उधाण दोन दिवसांवर आलं होतं.

तिने यशोधनला पाट्या काढायला सांगितलं. तो म्हणाला, सीझन संपू दे, नक्की काढू. त्याच संध्याकाळी तिने विनेशला हाताला धरून लवकर घरी आणलं. सोनूबाई नेहमीप्रमाणे ताट वाढून दारात उभी होती. हा तिचा रोजचा नेम. दिवेलागणीला दाराशी यायचं, समुद्राकडे तोंड करायचं आणि म्हणायचं, “तांडेल, जेवान वाढलाय.” मग जराशी थांबायची, मान हलवायची आणि आत जायची. दुःखाची सवय असते एकेकाची, म्हणून सुचिताने कधी लक्ष दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी सोनूबाईने हाक मारली आणि तिच्या पाठीमागून विनेशने ओ दिली. आवाज त्याचा नव्हता. जाड, तंबाखूने घासलेला, सासऱ्यांचा होता. सोनूबाईच्या हातातलं ताट उंबऱ्यावर पडलं.

विनेश भिंतीला टेकून उघड्या डोळ्यांनी बसून राहिला तेव्हा सोनूबाईने सुनेला चुलीजवळ ओढलं. “मी त्येला सोडला न्हाय गो,” ती म्हणाली. बोट मोडली त्या दिवशी गळाबिळा काही दाटला नव्हता. शब्द ओठावर तयार होता. पण तो सोडला असता तर नवरा कायमचा गेला असता, दर्याचा झाला असता. म्हणून तिने तोंड मिटलं. त्याच संध्याकाळी, उगाच, बघावं म्हणून तिने दारातून हाक मारली.

“आनि त्येने ओ दिली. बारीक, लांबून. पन त्येचीच. रोज देतो.”

 कितीतरी संध्याकाळी सुचिता याच चुलीशी, हातभर अंतरावर, भाकऱ्या थापत बसली होती आणि तिला लाटांशिवाय काही ऐकू आलं नव्हतं.

सोनूबाईने पुढचं सांगितलं ते मान खाली घालून. शेवटचं नाव सुटल्याशिवाय आधीची सुटत नाहीत. म्हणजे बोट मोडलीच नव्हती. नुसती विखुरली होती, आणि पाट्या लावून, रोज हाका मारून यशोधनने ती पुन्हा गोळा केली होती. बोटीला आता चालवणारा पाहिजे होता. जुना तांडेल तिने धरून ठेवला होता, म्हणून बोटीने नवा बघितला.

सुचिताला संताप आला. म्हातारीला हे सगळं पहिल्या पाटीपासून कळत होतं आणि संध्याकाळच्या एका हाकेसाठी ती पोराला पाण्यात उभा बघत होती. पण सुचिता ओरडली नाही. “आय, तुझा नवरा गेला,” ती म्हणाली. “माझा अजून हाय.”

सोनूबाई उंबऱ्याशी जाऊन बसली. सांडलेला भात ती वेचत राहिली.

अमावास्येच्या सकाळी सुचिताने ‘तांडेल’ लिहिलेला तो सदरा चुलीत घातला. आदल्या दिवशी उन्हात कडक वाळलेला सदरा, पण पेटेना. नुसता धुमसला आणि विझला, ओल्या जाळ्यासारखा. तोवर विनेश उघडाच वाडीकडे निघून गेला होता.

अमावास्येची भरती दुपारच्या जेवणाच्या वेळेला येते. पाहुणे मांडवात जेवायला बसले होते, वर कडक ऊन, पोफळीची पानंही हलत नव्हती. सुचिता कोलंबी तळत होती. कढईतलं तेल हळूहळू एका बाजूला कललं आणि तसंच राहिलं. तिने गॅस बंद केला आणि ती सुकाणूच्या खोलीत धावली.

विनेश फळीवर हात ठेवून उभा होता. छातीपर्यंत ओला, मग गळ्यापर्यंत. खोलीत पाण्याचा थेंब नव्हता. त्याचे केस हलत होते, वाऱ्याने हलतात तसे नाही, पाण्याखाली हलतात तसे, सावकाश. तिने त्याला कवेत घेऊन ओढलं. भिजलेल्या ओंडक्यासारखा तो जड लागला आणि जागचा हलला नाही. त्याची हनुवटी वर उचललेली होती, तोंड पाण्यावर ठेवायला माणूस उचलतो तशी.

तेवढ्यात पलीकडून सोनूबाईचा आवाज आला. ती समुद्राच्या बाजूने आली होती, लुगडं घोट्यापर्यंत भिजलेलं, हातात नारळ. पहिल्या खोलीत शिरून तिने फळीला हात लावला असणार, कारण भिंतीपलीकडून ऐकू आलं, नाळ सुटली. मग डोलकाठी सुटली. मग शीड सुटलं. ती दारात आली, आत आली, पोराच्या हाताशेजारी तिने आपला हात ठेवला आणि म्हटलं, सुकाणू सुटलं.

आणि थांबली. विनेशच्या ओठांवरून ओल वर सरकली. सुचिताला वाटलं, आता ही बाई पुन्हा तोंड मिटणार, आणि मी हिला जन्मभर क्षमा करणार नाही. पण सोनूबाई पोराकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यामागे, रिकाम्या भिंतीकडे बघत होती, दमून घरी आलेल्या माणसाकडे बघावं तशी.

“लई दिस ठेवला तुला,” ती हळूच म्हणाली. “जा आता.” मग मोठ्याने, वाड्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “तांडेल सुटला.”

नारळ तिने फरशीवर फोडला. कोणीतरी खाली उडी मारल्याचा धप्प आवाज झाला, तो नारळाचा नव्हता. विनेश खाली कोसळला आणि खोकत सुटला. त्याच्या तोंडातून तांब्याभर पाणी आलं. त्या पाण्यात जवळा होता, जिवंत, फरशीवर टपटप उडणारा. बाहेर मांडवात कोणीतरी सोलकढी मागत होतं.

यशोधन धावत आला. त्याने फरशी पाहिली, जवळा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही. पाट्या त्याने स्वतः उतरवल्या. आता त्या खोल्यांना आंबा, फणस, जांभूळ, काजू अशी नावं आहेत आणि पूर्वीसारखी झोप लागत नाही अशी जुन्या पाहुण्यांची तक्रार आहे. वाड्यावरची पोरं मात्र हल्ली एकमेकांना ‘ए तांडेल’ म्हणून हाका मारतात. कोणाचं काही बिघडत नाही. शब्द सुटला, आता तो कोणीही वापरावा.

कोणीही, एक सोडून. ज्याने नाव सोडलं त्याने ते पुन्हा घ्यायचं नसतं. त्या संध्याकाळी सोनूबाईने सवयीने ताट वाढलं, दारात आली, तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. हाक मारायला तिच्याकडे शब्दच नव्हता. संसार झाला, पोर झालं, पोराचं लग्न झालं, आणि नवऱ्याला हाक मारायला तिने एकच शब्द बाळगला होता, तो दुपारी खर्च केला होता. सुचिताचा सगळा राग त्या क्षणी गेला. तिला जाऊन म्हातारीला धरावंसं वाटलं, पण ती जागची हलली नाही.

सोनूबाईने इकडेतिकडे पाहिलं, नवी नवरी थोरामोठ्यांत नाव घेताना बघते तसं. मग म्हणाली, “चंदर.”

ती थांबली. सुचिताही कान देऊन उभी होती. ओ यावी की येऊ नये, यातलं आपल्याला काय हवंय ते तिचं तिलाच कळेना. ओहोटी लागली होती. पाणी वाळूवरून मागे जात होतं, त्याचाच काय तो आवाज.

“आज ओ न्हाय दिली,” सोनूबाई म्हणाली.

ती आत आली. विनेश गोधडी पांघरून बसला होता. त्याने भूक लागल्याचं सांगितलं तेव्हा आवाज त्याचा स्वतःचा होता. तिने ते ताट त्याच्यासमोर ठेवलं, तो पहिला घास घेईपर्यंत बघितलं आणि सुनेकडे वळली.

“उद्या त्येचं पान ठेवू,” ती म्हणाली. “कावळा शिवंल आता.”